ग्रामसभेला आज 23 माणसं होती

आज 1 मे. सकाळी धुळ्याहून गाडीवर गावाला निघाले. नऊ वाजलेले, पण ऊन तेव्हाच डोळ्यांत घुसत होतं. डिकीत एक फाईल होती. गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर आणि शाळेचे दिवे-पंखे सोलरवर न्यायचे, असा ठराव आज ग्रामसभेत मांडायचा होता. मी, माझा भाऊ आणि गावातली चार पोरं तीन आठवडे त्याच्या मागे होतो. मोटरची वर्षभराची बिलं काढली. शाळेचा स्लॅब टेपनं मोजला. लिंबाची सावली किती वाजता कुठपर्यंत येते, तेसुद्धा खडूनं आखून ठेवलं.

ग्रामसभेला 23 माणसं आली. त्यातली सात ग्रामपंचायतीचीच. कोरमला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. आमच्या गावाला 100 लागतात. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी अर्धा तास वाट पाहिली आणि सभा तहकूब केली. फाईल उघडलीच नाही.

शाळेपासून शंभर पावलांवर पार आहे. तिथे तीसेक माणसं बसली होती, हातात मोबाईल. मी स्वतः दोनदा बोलवायला गेले. "तुम्ही व्हा पुढे ताई, आलोच." एकही उठला नाही. संध्याकाळी लाईट गेली तेव्हा गावाच्या ग्रुपवर याच माणसांचे मेसेज सुरू झाले. सरकार काय करतंय, आमदार कुठे आहेत, वायरमन फोन का उचलत नाही.

मला राग आलाय. झोपण्याआधी लिहून टाकते.

मी नववीत होते तेव्हाची एक रात्र आहे. जानेवारी महिना, गहू ओंबीवर आलेला. शेतीच्या लाईटीचा आठवडा रात्रीचा होता. माझ्या वयाच्या सगळ्यांना ते वेळापत्रक पाठ असेल, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बारा वाजता गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "लाईट उनी रे!" आबा उठले, डोक्याला मफलर गुंडाळला, बॅटरी घेतली आणि शेतात गेले. माय ओट्यावर बसली. आमच्या ओट्यावरून नदीकडचा उतार दिसतो, त्यावर आबांच्या बॅटरीचा ठिपका हलताना दिसायचा. तो दिसतोय तोवर माय जपमाळ ओढल्यासारखी बोटं चाळवत बसायची आणि परत येताना दिसला की चूल पेटवायची. त्या रात्री ठिपका एकच्या सुमाराला विझला आणि पुन्हा दिसलाच नाही.

आधी वीज कुठे आहे ते बोलू. खान्देशात विजेची वाण आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मिती या सरकारी वीजकंपनीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून उभा आहे. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या आहेत. भुसावळजवळ दीपनगरचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे, त्याची राख तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं श्वासात घेतली. ऊन आपलं, वारा आपला, जमीन आपली, राखही आपली. ती वीज ग्रीडमध्ये, म्हणजे सगळीकडे वीज नेणाऱ्या तारांच्या जाळ्यात जाते, आणि जायलाच हवी. मुंबईतल्या दवाखान्यातही आपलीच माणसं असतात, हे मला कळतं. पण आमच्या गावातून टॉवरच्या तारा डोक्यावरून जातात आणि त्यांच्याखाली उभा राहून शेतकरी जळालेली डीपी (ट्रान्सफॉर्मर) कधी बदलणार म्हणून फोन लावत असतो, हे दृश्य मी लहानपणापासून पाहते आहे. ते मला अजून सहन होत नाही.

या सगळ्यात गावाला कधी विचारलं? विखरणच्या धर्मा पाटलांना विसरलात का? दोंडाईच्याच्या वीजप्रकल्पासाठी जमीन गेली, मोबदल्यासाठी खेटे घालून थकले, शेवटी जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि 28 तारखेला गेले. आपल्या शेजारच्या तालुक्यातला माणूस. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मीही ठेवला होता. त्यानंतर तुमच्यातले किती जण आपापल्या गावच्या ग्रामसभेत गेलात, ते मनातल्या मनात मोजा. मी माझं सांगते. आजच्या आधीच्या पंधरा वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. धुळ्यात नोकरी, गावात मतदान, एवढाच माझा गावाशी संबंध उरला होता.

आबा सकाळी साडेसहाला आले. गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ काळेनिळे. झालं होतं असं की ते पार खालच्या वाफ्यात बारं मोडायला, म्हणजे पाणी वळवायला गेले आणि लाईट गेली. बॅटरीचे सेल आधीच मंद होते, तेही संपले. त्याच बांधावर दोन दिवसांपूर्वी घोणस निघाली होती, म्हणून अंधारात पाऊल टाकायची हिंमत होईना. आणि घरी यावं तर मागे लाईट येऊन मोटर सुरू होईल, पाणी एकाच वाफ्यात तुंबेल, गहू लोळेल, ही धास्ती. म्हणून ते उजाडेपर्यंत त्या बांधावर उकिडवे बसून राहिले. साडेपाच तास. गहू अर्धा भरलेला, अर्धा कोरडा. माय काहीच बोलली नाही, तिनं पाणी तापायला ठेवलं. आबा चुलीपुढे बसले आणि म्हणाले की माझा बाप पाटकरी होता, त्याच्या फडात कुणाला रात्र अशी काढावी लागली नाही.

हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. आता ते डोक्यातून जात नाही.

पांझरेकाठच्या लोकांना फड सांगायला नको, पण जळगाव-भुसावळच्या मित्रांसाठी सांगते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे मोठाले तुकडे, तेच फड. एका हंगामात एका फडात एकच पीक, एकात ऊस तर दुसऱ्यात गहू. शक्यतो प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असायची. पाणी कमी असलं की यंदा कोणते फड भिजवायचे आणि कोणता कोरडा ठेवायचा, ते पंच बसून ठरवायचे. म्हणजे दुष्काळ आला तर सगळ्यांच्याच वाट्याला थोडा थोडा यायचा. पाणी सोडणारा पाटकरी आणि राखणदार जागल्या गावानं नेमलेले, त्यांची मजुरी गावच द्यायचं. शेतकऱ्यानं रात्री बांधावर बसायची गरजच नव्हती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीनशेच्या वर वर्षं हे चाललं, आणि नियम कुठे लिहिलेलेही नव्हते. बारमाही वाहणारी नदी गेली, वर धरणं झाली, विहिरी खोल गेल्या, आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. त्यात सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. ज्याला जमीन नव्हती त्याला पंचांत जागा नव्हती, आणि बाईला तर नव्हतीच.

पण त्यांना बसता येत होतं. एका जागी बसून, भांडून, ठरवून मग उठायचं, हे त्यांना येत होतं. आज आपल्या छतावर फुकटचं ऊन पडतंय आणि आपल्याला अर्धा तास एकत्र बसता येत नाही.

धुळ्यातल्या माझ्या घरावर गेल्या वर्षी 3 किलोवॅटचं सोलर बसवलं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्याला 78,000 रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा, चार माणसांच्या घराला 3 किलोवॅट पुरून उरतं. ग्रीडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारं नेट मीटर मिळायला मला पाच महिने लागले, तीनदा अर्ज हरवला म्हणून सांगितलं, तो मनस्ताप मी विसरलेले नाही. तरी आता बिल जवळजवळ येतच नाही. मैत्रिणी विचारतात, मी सगळ्यांना बसवा म्हणूनच सांगते.

पण माझ्या गच्चीवर वीज तयार झाली म्हणून गाव सुधारलं का? ज्याचा स्लॅब आहे, ज्याच्या खात्यात आधी भरायला पैसे आहेत, त्याचं बिल शून्य झालं. पत्र्याच्या घरातल्या भिल्ल वस्तीचं काय? गेल्या वर्षी पाणीपुरवठ्याचं बिल थकलं आणि कनेक्शन कापलं गेलं. अकरा दिवस नळ कोरडे होते. ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांना ते कळलंही नाही. वस्तीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन मळ्यातल्या विहिरींवर जात होत्या, एप्रिलच्या उन्हात. त्याच उन्हावर ती मोटर चालली असती, हे मला इतकं उघड दिसतं की समोरच्याला का दिसत नाही, या विचारानं चिडायला होतं. म्हणून आमचा ठराव सार्वजनिक विहिरीपासून सुरू होतो. आधी सगळ्यांचं पाणी, मग शाळा, मग रस्त्यावरचे दिवे. दर महिन्याला बिलाचे जे पैसे वाचतील ते वेगळ्या खात्यात, त्यातून पॅनल धुणाऱ्या पोराला पगार. पाटकरीच तो, आजच्या काळातला.

पारावरचा एक जण म्हणाला, पावसाळ्यात ढग आले की काय करशील? बरोबर आहे, ढगात वीज कमी होते, म्हणून ग्रीडचं कनेक्शन ठेवायचंच आहे. आणखी एक जण म्हणाला, शेजारच्या गावात सोलर पंप बसवून गेले, बिघडला तर कुणी फिरकत नाही. तेही खरं आहे, मी तो पंप पाहिलाय. पण तो पंप सांभाळायचं कुणाचं काम, हे त्या गावानं ठरवलं होतं का?

लोक जमले की काय होतं ते आपल्याच भागात झालंय. धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या आत, बिलगावला 2003 च्या जानेवारीत गावकऱ्यांनी श्रमदान करून उदई नदीच्या धबधब्यावर 15 किलोवॅटचं छोटं वीजकेंद्र उभं केलं. केरळहून आलेले दोन तरुण इंजिनीअर आणि आदिवासी बायामाणसं, शाळकरी पोरं. पाड्यांवर पहिल्यांदा दिवे लागले. 2006 मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात ते बुडालं. मोठ्या विजेसाठी छोटी वीज बुडवली, हे आठवलं की अजून घशात काहीतरी अडकतं. आणि साक्रीत बारीपाडा आहे. चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण पोस्टवर पोस्ट टाकल्या. त्यांच्या गावानं 400 हेक्टरच्या वर जंगल राखलं ते झाड तोडलं तर दंड, हे गावात बसून ठरवून, आणि आपल्याच माणसाकडून दंड वसूल करून. आपण नुसते पद्मश्रीला लाईक देतो.

थांबते जरा. पारावरच्या माणसांवर मी फार तुटून पडले असं आता वाटतंय. त्यातल्या एका काकांची जमीन पवनचक्कीच्या रस्त्यात गेली होती. कागदावर अंगठा कुठे घेतला हे त्यांना पैसे संपल्यावर कळलं. दुसऱ्यानं दहा वर्षांपूर्वी ग्रामसभेत प्रश्न विचारला होता, त्यानंतर त्याचं घरकुलाच्या यादीतलं नाव गेलं, असं तो सांगतो. कित्येक ग्रामसभा तर रजिस्टर घरोघरी फिरवून, सह्या घेऊन झालेल्या. अशा माणसाला मी फाईल दाखवून "या" म्हणते, त्यानं का यावं? बायकांना तर मी आज धड विचारलंही नाही. महिला ग्रामसभा कालच कागदावर उरकली होती, हे मला आज कळलं. हंडे ज्यांच्या डोक्यावर होते त्यांच्या वस्तीत तीन आठवड्यांत मी एकदाही बसायला गेले नाही. ही चूक माझी आहे.

त्या 23 माणसांत आबा होते. आता पंच्याहत्तरीचे आहेत, गुडघे गेलेत. सभा तहकूब झाली, सगळे उठले, तरी ते बाकावर बसून राहिले. मी म्हटलं, चला आबा, आज काही होत नाही. तर म्हणाले, "मी बसस आठे थोडा येळ. कोन्ही उना तं?" म्हणजे मी बसतो इथे थोडा वेळ, कुणी आलंच तर. त्या रात्रीही ते असेच बसले होते, लाईट आलीच तर म्हणून.

तहकूब सभा पुढच्या गुरुवारी आहे, सकाळी 9 वाजता, शाळेच्या व्हरांड्यात. तहकूब सभेला कोरमची अट नसते, 23 जणांतही ठराव मंजूर होईल. भाऊसाहेब तेच म्हणाले, ताई, काळजी करू नका, सह्या होतील. मला तसा मंजूर व्हायला नकोय.

हे लिहितानाच भावाचा फोन आला. लाईट अजून गेलेलीच आहे. आबा जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन बाहेर पडले, ते वस्तीत पाच घरं करून आत्ता परत आले. दोन घरांत चहा झाला. एका म्हातारीनं विचारलं, मोटर उन्हावर चालली तर नळ दुपारी सुटेल का, कारण सकाळी ती कामावर जाते. याचं उत्तर आबांना देता आलं नाही. मी बिलं घेऊन रविवारी तिच्याकडे जाते आहे. गावातली, धुळ्यात राहणारी जी कुणी मंडळी हे वाचत असतील, माझ्या गाडीवर एक जागा आहे.