निनावी पेज चालवणाऱ्यांनो, आधी सिमकार्डाकडे बघा

पाणी कितव्या दिवशी येणार, रस्ता कुणी खाल्ला, टॉवेल कारखान्यात मजुरी किती बुडवली, यावर नाव न देता लिहिणारे लोक सोलापुरात असायलाच हवेत. मालकाविरुद्ध नावानिशी लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी यंत्रमागावर उभं करत नाहीत, हे विणकरांच्या पूर्व भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण आपल्याकडचा बहुतेक निनावीपणा म्हणजे तोंडाला रुमाल बांधून स्वतःच्याच नंबरच्या गाडीवर फिरणं आहे.

पोलिसांना तुमचं पेज हॅक वगैरे करावं लागत नाही. एक पत्र पुरतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली पेज ज्या कंपनीच्या ॲपवर आहे तिच्याकडे खात्याचा मोबाइल नंबर, ईमेल आणि लॉगिनचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीला मिळणारे क्रमांक) मागता येतात. आयपी पत्ता आला की पुढचं पत्र मोबाइल कंपनीला. मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपी पत्त्यामागे एका वेळी कितीतरी ग्राहक असतात, म्हणून पोर्ट नंबर (त्या गर्दीतली एकेक जोडणी वेगळी ओळखणारा आकडा) आणि नेमकी वेळही लागते. पण ही नोंद किमान 2 वर्षं ठेवायची, अशी मोबाइल कंपन्यांच्या परवान्यातच अट आहे. ती डिसेंबर 2021 मध्ये वाढवून घातली. आणि सिम तर ओळखपत्र, बहुधा आधारच, दाखवून घेतलेलं असतं.

"व्हीपीएन आहे की!" हे उत्तर हमखास येतं. व्हीपीएन म्हणजे आपला आयपी लपवून दुसऱ्याच सर्व्हरमधून इंटरनेट वापरायची सोय. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी 5 वर्षं सांभाळायचा. त्यावर नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकटच्या व्हीपीएनचं तर बोलूच नका. ते पैसे कमावतात कशावर, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारा. शिवाय खातंच घरच्या नंबरवर काढलेलं असेल, किंवा एका रात्री व्हीपीएन बंद असताना लॉगिन झालं असेल, तर तेवढी एक नोंद पुरे होते.

माझ्या मते खरा प्रश्न एकच: विचारल्यावर देण्यासारखं कंपनीजवळ आहे काय? 2016 मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे माहिती मागितली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, या दोन तारखांपलीकडे त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. उलट 2021 मध्ये प्रोटॉनमेल या ईमेल सेवेला स्विस आदेशावरून फ्रान्समधल्या एका कार्यकर्त्याचा आयपी नोंदवून द्यावा लागला. मेल कुलूपबंदच राहिले, माणूस मात्र सापडला. सिग्नल वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात फोन नंबर, आणि तिथले दोन्ही पर्याय 'कुणीही नाही' वर करा. पहिला नंबर कुणाला दिसतो याचा आणि दुसरा नंबरावरून कोण शोधू शकतो याचा. दुसरा आपोआप बंद नसतो, तो लोक विसरतात. व्हॉट्सॲपवर मजकूर कुलूपबंद असतो, पण कोण कुणाशी कधी बोललं हे कंपनीला कळतं. आणि बॅकअपचं एन्क्रिप्शन, म्हणजे तसंच कुलूप, तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय होत नाही. त्याची 64 अंकी किल्ली हरवली तर बॅकअपही गेला, हेही लक्षात असू द्या.

आता फोटो. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहतात. पण आपल्याकडे त्याचीही गरज पडत नाही. "आज पहाटे 3 ला नळ आला, 40 मिनिटांत गेला, पाणी गढूळ" एवढं लिहिलं की पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकावरून भाग कळतो, मागच्या भिंतीवरून गल्ली कळते, आणि बादलीवर रंगवलेल्या नावावरून घर. पोस्ट दोन दिवस उशिरा टाका, वेळ गाळा, फोटो कापून मगच लावा.

नोटीस आलीच तर? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून मोबाइलवर आलेल्या 'नोटिशी'ने घाबरून ओटीपी, पैसे काही देऊ नका. 7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे 2014 पासून ठरलेलं आहे. बदनामी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 356, अदखलपात्र आहे; दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. कुणी माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या 66अ चं, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराच्या कलमाचं, नाव काढलं तर ते कलम 2015 सालीच रद्द झालंय, हे नम्रपणे सांगा. आणि ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हा लागत नाही, असं आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे.

नोटीस आल्यावर मात्र काहीही पुसू नका. पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम 241 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मूळ पोस्टमध्ये दम नसलेल्या प्रकरणात तोच अंगाशी येतो. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय नोटिशीनंतर नव्हे, पहिल्या दिवसापासून चालू असावी.

फोन जप्त होत असेल तर पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फोनमधल्या माहितीवरून काढलेला, माहिती बदलली की बदलणारा आकडा, लिहायला लावा. नंतर फोनमध्ये काही घातलं गेलं तर त्यावरूनच कळतं. फोनला बोटाच्या ठशाऐवजी लांब पासवर्ड ठेवा. पासवर्ड सांगायला भाग पाडता येतं का, यावर कोर्टांचं एकमत नाही. ठशांबाबत मात्र 1961 पासून निकाल आहे की ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे.

निनावी राहून बायकांना धमक्या देणाऱ्यांची वकिली मी करत नाही. त्यांना शोधायला वर सांगितलेली पत्रं पुरेशी आहेत. म्हणूनच 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला, मेसेजिंग कंपन्यांना केलेला 'पहिला पाठवणारा शोधून द्या' हा आग्रह मला पटत नाही. एकाचा माग काढता यावा म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण करून ठेवावी लागेल.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, औद्योगिक कामगारही त्या यादीत आहेत. विडी वळणाऱ्या बाईने किंवा मागावरच्या कामगाराने नोटीस आणि आधारकार्ड घेऊन जावं, अर्ज तिथेच मिळतो.