मधाचे थेंब, पिवळा चष्मा आणि समोरचा हेडलाईट

निपाणीच्या मामाने परवा एक मेसेज पाठवला, खाली लिहिलं, ‘बघ, औषध घावलं.’ मामा चिकोडीकडची भाजी रात्री टेम्पोतून आणतो. मेसेजचं म्हणणं असं: समोरचा लाईट डोळ्यात फाकतो तो साचलेल्या मळामुळे, मधात कांद्याचा रस घालून रोज दोन थेंब सोडा, मोतीबिंदूसुद्धा विरघळतो, पिवळा चष्मा लावा, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली तर डोळे ठणठणीत, गाडीची काच आतून पुसा.

कसला मळ? प्रकाश विखुरतो तो डोळ्याच्याच भागांत. कॉर्नियात (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यात), आतल्या भिंगात, आणि थोडा मागच्या पडद्यावरून उलटून. तरण्याताठ्या डोळ्यातही हे होतं, म्हणून दिपणं म्हणजे मोतीबिंदूच असंही नाही. विखुरलेला प्रकाश पडद्यावर पसरला की थिएटरचं दार उघडल्यासारखं सगळं चित्र फिकं पडतं. रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली समोर उभी असते आणि दिसत नाही, ती यामुळे. दिवा नजरेच्या रेषेपासून निम्म्या कोनावर आला की चित्र फिकं करणारी ही झाक साधारण चौपट होते. वयाचाही वाटा आहे: आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या सूत्रात तरुणपणाच्या मानाने सत्तरीत ती दुप्पट धरतात, तीही निरोगी डोळ्यात. मोतीबिंदू असला तर विचारूच नका.

आता ते थेंब. भिंगातली प्रथिनं गुठळून ते गढूळ होतं, तो मोतीबिंदू. वर सोडलेल्या मधाने ते निवळत नाही. ऑपरेशन करून भिंगच बदलावं लागतं. घरचा मध निर्जंतुक नसतो, कांद्याने डोळा चुरचुरतो, माणूस चोळतो, कॉर्नियाला ओरखडा जातो आणि त्यात जंतू शिरतात. जखम भरली तरी फूल, म्हणजे पांढरा डाग, पडू शकतं, आणि ते फूल जन्मभर प्रकाश विखुरत राहतं. लाईट फाकतो म्हणून थेंब घातले आणि फाकणं कायमचं पदरात पडलं! असले मेसेज लिहिणाऱ्याने आधी स्वतःच्या डोळ्यात घालून दाखवावं.

पिवळ्या चष्म्याचा निकाल 2019 मध्येच लागलाय. बोस्टनच्या शेपेन्स नेत्र संशोधन संस्थेने 22 जणांना सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर रस्ता दाखवणाऱ्या नकली गाडीत, रात्रीची गाडी चालवायला लावली. पिवळ्या काचेने पादचारी ओळखायला काही मदत झाली नाही. समोरचा लाईट कमी होतो तसा अंधारातल्या माणसावरून येणारा उजेडही कमी होतो. मामा म्हणतो, गार वाटतं. वाटत असेल.

तक्ता पांढऱ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांचा, समोर हेडलाईट नाही. त्यावर 6/6, म्हणजे नजर चांगली, असं आलं म्हणून रात्रीच्या रस्त्याची हमी मिळत नाही. तपासायला गेलात तर ‘रात्री लाईट फाकतो’ हे डॉक्टरांना तोंडाने सांगा.

काच पुसायची गोष्ट मात्र बरोबर आहे, नाइलाजाने कबूल. आतला तेलकट थर आणि चष्म्यावरचे ओरखडेही प्रकाश विखुरतात.

थेंब घालून झाले असतील आणि डोळा लाल असेल, ठणकत असेल, तर उद्यावर टाकू नका. आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि काय घातलं ते लपवू नका.