दुप्पट जीनोम म्हणजे प्रगत जीव? नाही पटलं

'जीनोम दुप्पट झाला की जीव आपोआप प्रगत होतो' हे जीनोमच्या दुपटीवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. (जीनोम म्हणजे जीवाच्या डीएनएचा, त्यातल्या सगळ्या जनुकांसकट, पूर्ण संच.) तसं असतं तर मासे आपल्या पुढे असायला हवे होते ना! पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत सुरुवातीला दोन वेळा जीनोम दुप्पट झाला असं मानतात, त्याचा वाटा आपल्यालाही मिळाला, म्हणूनच तर फळमाशीत हॉक्स जनुकांचा (शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या जनुकांचा) एक संच आणि आपल्यात चार. पण टेलिऑस्ट माशांच्या (आजचे बहुतेक मासे ज्यात येतात त्या गटाच्या) पूर्वजात ते तिसऱ्यांदा झालं आणि सॅल्मन-ट्राउटच्या घराण्यात चौथ्यांदा, मग प्रगत कोण म्हणायचं?

आणि मुख्य गोष्ट तर राहूनच गेली, की जनुकांच्या जादा आलेल्या प्रतींपैकी बहुतेक म्युटेशन (डीएनएतले बदल) साचून निकामी होतात आणि गळून जातात. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनोंनी १९७० मध्ये मांडलं होतं की एक प्रत जुनं काम सांभाळते म्हणून दुसरी नवं काम उचलायला मोकळी होते, ते खरंच आहे, पण कितीतरी वेळा नवं काहीच येत नाही, दोघी मिळून जुनंच काम वाटून घेतात. मी झेब्राफिश या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशावर काम करते, तिथे हे रोज समोर दिसतं. आपल्यात कूर्चा घडवायला लागणारं सॉक्स-९ जनुक एकच, या माशात सॉक्स-९ए आणि सॉक्स-९बी अशी जोडी, आणि दोन्ही एकदम बंद केली की कूर्चेवरचा परिणाम एकेक बंद केल्यापेक्षा जास्त वाईट होतो, म्हणजे जुनं काम दोघी मिळूनच सांभाळतात. ही वाटणी लेखात यायलाच हवी होती.