भूत म्हणालं सूड घे, पोरगा म्हणाला कशाला?

परवा एका नाटकवेड्या मित्राला 'फॅट हॅम'ची, म्हणजे 'हॅम्लेट'वर बेतलेल्या एका नव्या अमेरिकन नाटकाची, गोष्ट सांगत होतो. हॅम्लेट जाडजूड, कृष्णवर्णीय आणि समलिंगी. किल्ल्याच्या जागी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका घराचं परसदार, तिथे आईने दिराशी केलेल्या दुसऱ्या लग्नाचा बार्बेक्यू. मित्राने तोंड वाकडं केलं. "म्हणजे शेक्सपियरची वाट लावली!" तेव्हा गप्प बसलो, कारण समोर गरम मिसळ होती. म्हणून इथे लिहितोय.

वाट लावण्याचंच म्हणाल तर अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या लाफायेट थिएटरात सगळे कृष्णवर्णीय नट घेऊन 'मॅक्बेथ' केला होता. स्कॉटलंडच्या जागी हैतीसारखं एक बेट, चेटकिणींच्या जादूटोण्याच्या जागी वूडू, म्हणजे तिथला तांत्रिक पंथ. प्रयोग गाजला. पण दिग्दर्शक गोरा आणि शब्द शेक्सपियरचेच. माणसं बदलली, मुलूख बदलला, बघणारा डोळा मात्र बाहेरचाच राहिला, असं मला वाटतं.

जेम्स आइम्सच्या 'फॅट हॅम'मध्ये डोळा घरातला आहे. २०२२ चं नाटकाचं पुलित्झर पारितोषिक त्याला मिळालं, २०२३ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं. मी नुसतं वाचलंय, तरी त्यातलं घर ओळखीचं वाटलं. त्यातला हॅम्लेट, म्हणजे ज्यूसी, ऑनलाइन कॉलेजातून ह्युमन रिसोर्सेस शिकतोय आणि त्याच्या फीचे पैसे घरच्यांनी बाथरूम नवीन करण्यात घातलेत! राजपुत्राचं राज्य काकाने गिळलं हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतोय, पण पोराची फी बाथरूममध्ये गेली हे जास्त लागतं.

बाप तुरुंगात होता, तिथेच त्याचा खून झाला. (आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं तेही डोंगरीच्या तुरुंगात, हे उगीच आठवलं.) त्याचं भूत येऊन म्हणतं, मला काकानेच मारवलं, त्याला मार. मूळ हॅम्लेट घुटमळतो ते भूत खरं की खोटं, मारायचं तर कधी, यावर. ज्यूसीचा घोळ वेगळाच आहे. बापाचं हे ऐकायचंच का? त्याचा मित्र टिओ तर हिशोबच मांडतो: तुझा बाप तुरुंगात, त्याचा बाप तुरुंगात, त्याचाही बाप, आणि आणखी मागे गेलास तर गुलामगिरी. सूड घेतला की त्या रांगेत ज्यूसीही उभा.

ही रांग शेक्सपियरच्या राजघराण्यात नाही. ती त्या समाजाच्या इतिहासातून आली आहे, आणि तिच्यामुळे चारशे वर्षं जुना प्रश्नच बदलतो. वरून गंमत म्हणजे मेलेला बाप आणि त्याला मारवणारा काका, दोघांची कामं एकच नट करतो. मार म्हणणाराही तोच आणि मरणाराही तोच. पोराने कुणावर सुरी धरायची?

शेवटी काका मरतो, पण तलवारीने नाही. मांसाचा तुकडा घशात अडकतो. ज्यूसी धावतो, तर 'असल्या' पोराचा हात अंगाला लागू नये म्हणून काका त्याला जवळच येऊ देत नाही. गुदमरून मरतो.

बाकीचे एकमेकांकडे बघत राहतात. शोकांतिका आहे म्हणजे आता आपणही मरायचं का? जरा बोलणं होतं आणि ते ठरवतात, नाही मरायचं. मग कडक शिस्तीतला लॅरी, म्हणजे मूळ नाटकात शेवटी हॅम्लेटशी तलवारीने लढणारा लेअर्टिस, मरीन सैनिकाचा गणवेश उतरवून चमचमत्या कपड्यांत नाचत येतो.