हात कुठे होते?

संध्याकाळपासून चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा पुसून टाकलं. आता मुलगा झोपलाय, नवऱ्याला सांगितलंय तासभर हाक मारू नकोस म्हणून. जसं येईल तसं लिहिते.

आज, 21 मे 2025 ला, सकाळी बातमी आली. आपल्या मिनेसोटातल्या मिनियापोलिस शहराच्या पोलीस खात्यासाठी जानेवारीत ठरलेली कन्सेंट डिक्री, म्हणजे पोलीस सुधारणेचा कोर्टापुढचा करार, अमेरिकेच्या केंद्राच्या न्याय खात्याला आता नकोय, तसं त्यांनी कोर्टाला कळवलं. केंटकीतल्या लुईव्हिल शहराचीही नको. येत्या रविवारी, 25 मेला, इथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडला जाऊन पाच वर्षं होतील. त्याच्या चार दिवस आधी हे. खरं सांगायचं तर बातमीने धक्का बसला नाही, जानेवारीत ट्रम्प सरकार आल्यापासूनच धास्ती होती. धक्का बसला तो दुपारी, आपल्या इथल्या मराठी ग्रुपवर. कुणीतरी ती बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "बरं झालं. आता तरी पोलिसांना त्यांचं काम करू देतील." त्यावर अकरा अंगठे. मी मोजले. त्यातले सहा जण गणपतीला माझ्याकडे जेवून गेलेत. आणि या सहाही जणांना माझ्या नानांचं, म्हणजे वडिलांचं, काय झालं होतं ते माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

2019 चा ऑगस्ट. नाना दुसऱ्यांदा आमच्याकडे आले होते. एसटीत तीस वर्षं कंडक्टर, पहाटेची सवय. कऱ्हाडला रोज प्रीतिसंगमावर फिरायला जायचे, इथे आल्यावर आमच्या कॉलनीतून चालायचे. पायजमा, सदरा, त्यावर माझ्या नवऱ्याचं जुनं जॅकेट, डोक्याला मफलर. वाटेत कुणाची टोमॅटोची रोपं दिसली की थांबून बघायचे. तेवढंच. त्या दिवशी एका घरासमोर जरा जास्त वेळ थांबले असतील. कुणीतरी 911 ला फोन केला, एक अनोळखी माणूस घरांत डोकावतोय म्हणून.

गाडी आली. पोलिसाने काय विचारलं ते नानांना कळलं नाही. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी दिलेली होती, घरचा पत्ता आणि माझा नंबर, लॅमिनेट करून. त्यांना वाटलं, चिठ्ठी दाखवली की झालं. म्हणून त्यांनी जॅकेटच्या आत हात घातला.

पोलीस ओरडला. दुसऱ्यांदा ओरडला. नाना सांगतात, त्याचा हात कमरेला गेला तेव्हा मला समजलं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. चिठ्ठी हातात होती. वर धरलेली.

पुढचं सगळं नीट झालं. त्याने मला फोन केला, नानांना गाडीत बसवून घरी आणून सोडलं, सॉरी म्हणाला. माणूस वाईट नव्हता, हे मी कबूल करते. विशीतला पोरगा होता, तोही घाबरलेला असणार. पण माझा बाप जिवंत राहिला तो त्या पोरावर त्या सकाळी कोणते संस्कार जागे होते त्यावर. नियमावर नाही. दैवावर. आणि कन्सेंट डिक्री म्हणजे नेमकं हेच बदलायची धडपड होती, मंडळी! ती पोलिसांचे हात बांधणारी दोरी नव्हे. 1991 साली लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी बेदम मारहाण केली, त्यानंतर 1994 मध्ये कायदा आला की एखाद्या पोलीस खात्याचं वागणंच घटनेविरुद्ध असेल तर केंद्र त्याच्यावर दावा लावू शकतं. चौकशी होते, अहवाल येतो, मग शहर आणि केंद्र मिळून करार करतात. बळ कधी वापरायचं, किती वापरायचं, कुणाला कशासाठी थांबवायचं, तक्रार आली तर तिचं काय करायचं. त्यावर न्यायाधीशाची सही असते, देखरेखीला बाहेरचा माणूस असतो. म्हणून महापौर बदलला, पोलीसप्रमुख बदलला, तरी करार उभा राहतो. मिनियापोलिसची चौकशी दोन वर्षं चालली. जून 2023 मध्ये अहवाल आला, त्यात लिहिलंय की इथले पोलीस गरज नसताना बळ वापरतात, आणि काळ्या आणि नेटिव्ह अमेरिकन लोकांना वेगळं वागवतात. मी लिहिलेलं नाही. सरकारच्या न्याय खात्याने लिहिलेलं आहे, आणि आज त्याच खात्याने त्यावर पाणी सोडलं.

हो, राज्याच्या मानवी हक्क विभागाबरोबरचा करार अजून आहे, तो कोर्टाच्या अखत्यारीत आहे आणि महापौर म्हणतात आम्ही सुधारणा करणारच. करोत. बघू.

नाना घरी आले, चहा झाला आणि मी बाहेर जाऊन ओट्यावर रडत बसले. शेजारची ताई कचऱ्याचा डबा ओढत आली. काळी आहे, शाळेची बस चालवून निवृत्त झाली. मी भडाभडा सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, अरे देवा, असं कसं झालं. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्यांचे हात कुठे होते?"

मी आठ वर्षं त्या बाईच्या शेजारी राहत होते. आमच्या घरात कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं, हात कुठे होते. तिच्या घरात तो पहिला प्रश्न होता.

तिला तीन मुलगे आहेत.

आपण सगळे ऑगस्टात स्टेट फेअरला जातो ना, पोरांना घेऊन, चीज कर्ड खायला? ते मैदान फाल्कन हाइट्समध्ये आहे. त्याच फाल्कन हाइट्समध्ये 2016 च्या जुलैत फिलँडो कास्टीलची गाडी पोलिसाने थांबवली. शाळेच्या कॅफेटेरियात काम करायचा तो. कुठल्या मुलाला दूध चालत नाही हे त्याला पाठ असायचं. आपल्याकडे परवान्याची बंदूक आहे हे त्याने आपणहून, नम्रपणे सांगितलं. पोलिसाने लायसन्स मागितलं होतं, ते काढायला हात गेला आणि सात गोळ्या झाडल्या. गाडीत मागच्या सीटवर चार वर्षांची पोर होती. पोलीस सुटला. माझ्या नानांनी जे केलं तेच त्याने केलं होतं. खिशाकडे हात.

आणि आपले लोक म्हणतात, आपल्याला काय त्याचं. 2015 साली अलाबामातल्या मॅडिसनमध्ये सुरेशभाई पटेलांना पोलिसाने जमिनीवर आपटलं, आठवतंय? नातवाला सांभाळायला भारतातून आलेले आजोबा, घरासमोरच चालत होते. मणक्याला मार लागून अर्धांग लुळं पडलं. तेव्हा याच मंडळींनी आकाशपाताळ एक केलं होतं. आणि तेव्हा एका भोजनाला मी माझ्या कानांनी ऐकलंय, "अहो, फोन करणाऱ्याला तो काळा माणूस वाटला म्हणून झालं ते." म्हणजे काळा असता तर चाललं असतं का? तेव्हा मी काही बोलले नाही. पुरणपोळी वाढत होते, वाढत राहिले. आज बोलते. त्या पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशाने त्याला मोकळं केलं. सुरेशभाईंना तुमचं आमचं भारतीयपण उपयोगी पडलं नाही.

मला माहीत आहे, आता कुणीतरी लेक स्ट्रीट काढणार, फ्लॉइडनंतरच्या दंगलीत जळालेला रस्ता. काढा. जळाली दुकानं, गरिबांची जळाली, बाहेरून पोटासाठी आलेल्यांची जळाली, आणि ते वाईटच झालं. पण थर्ड प्रिसिंक्ट या पोलीस ठाण्याजवळचं ‘गांधी महाल’ रेस्टॉरंटही त्यात गेलं, आणि त्याच्या बांगलादेशी मालकाने म्हटलं, माझी इमारत जळू दे, न्याय व्हायला हवा. ज्याचं जळलं तो असं बोलला. ज्यांचं काहीच जळलं नाही ते अंगठे देतायत. पोलीस कमी झालेत, फोन केला तर यायला वेळ लागतो, हेही खरं. आमच्या ओळखीतल्या एकाची गाडी पिस्तूल दाखवून नेली. पोलीस हवेतच मला. नानांचं म्हणणं कळायच्या आधीच ओरडणारे नकोत.

राग येतोय म्हणून पाणी पिऊन आले.

2020 च्या मे महिन्यात नाना कऱ्हाडला होते. टीव्हीवर जॉर्ज फ्लॉइडचा तो व्हिडिओ दाखवत होते. सतरा वर्षांची पोर चुलतबहिणीला घेऊन दुकानात खाऊ आणायला गेली होती, तिने उभं राहून सगळं टिपलं. मानेवर गुडघा, नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद. ते टिपलं नसतं तर पोलिसांचं पहिलं पत्रक तेवढंच उरलं असतं, की पोलिसांशी गाठ पडल्यावर तब्येतीच्या कारणाने एक माणूस गेला. नानांचा फोन आला. म्हणाले, "त्यो आईला हाक मारत हुता का गं?" मी हो म्हटलं. बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला चाळीस वर्षांत सांगितली नव्हती.

फलटणकडच्या रस्त्याला त्यांची गाडी पोलिसांनी थांबवली होती. मागच्या बाकावर एक पारध्याचं कुटुंब बसलं होतं, नवरा, बायको, दोन पोरं. कुठेतरी चोरी झाली होती म्हणे. पोलिसांनी काही न विचारता नवऱ्याला कॉलर धरून खाली ओढलं, मागोमाग बायको-पोरं उतरली. "तिकिटं हुती त्यांच्याकडं," नाना म्हणाले. "म्याच फाडल्याली. ती बाई माझ्याकडं बघत हुती, कंडक्टर काय तरी बोलंल म्हणून. अन् म्या डबल दिली."

डबल म्हणजे घंटीचे दोन टोले. गाडी सोडा.

इंग्रजांनी 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मापासून गुन्हेगाराचा शिक्का मारला, त्यांतलीच ही एक जमात. कायदा 1952 मध्ये गेला. नानांच्या गाडीतून ती बाई उतरली ती त्यानंतर तीसेक वर्षांनी. इथल्या गोऱ्या शेजाऱ्याने खिडकीतून नानांकडे बघून फोन उचलला, तेव्हा त्यांना कोण आठवलं असेल ते मला त्या फोननंतर कळलं.

म्हणून मी कुणाला इथे वरून शिकवत नाहीये. माझ्या घरातही डबल दिली गेली आहे. पण जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपलं ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केलं हे आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात वाचलं गेलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ना? इथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आणि आपल्याला या देशाचं दार नीट उघडलं ते 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने, ते नागरी हक्कांसाठी कुणी रस्त्यावर मार खाल्ला म्हणून उघडलं? मग आजचा अंगठा कसला होता?

2019 च्या त्या प्रसंगानंतर नाना बाहेर जाईनात. बेसमेंटमध्ये फेऱ्या मारायचे, वॉशिंग मशीनपासून भिंतीपर्यंत. पाचव्या दिवशी ताईने बेल वाजवली, पायात बूट घालून तयार. नंतर महिनाभर दोघं रोज सकाळी चालले. तिला मराठी नाही, यांना इंग्रजी नाही. नाना तिला टोमॅटो दाखवायचे, ती त्यांना पक्षी दाखवायची. परत निघताना नानांनी तिला कंदी पेढ्यांचा डबा दिला आणि वाकून नमस्कार केला, तिनेही तसाच केला.

माझा मुलगा आता पंधराचा झाला, गाडी शिकायचं परमिट मिळालंय. गेल्या शनिवारी ताई आपणहून आली. ड्राइव्हवेमध्ये आमची गाडी उभी, इंजिन बंद. मुलगा स्टिअरिंगवर, ती शेजारी. मी व्हिडिओ कॉलवर नानांना दाखवत होते. ती सांगत होती, दोन्ही हात वर, दिसतील असे. कागद कुठे आहेत ते आधी तोंडाने सांग, मग विचार, आता हात नेऊ का. हो म्हटल्यावरच ने. सावकाश. आमचं पोरगं बोलताना हात हलवतं, अगदी नानांसारखं. तिने ते तीनदा पकडले आणि परत स्टिअरिंगवर ठेवले.

तिकडून नाना विचारत होते, "आगं, अजून गाडी का चालू करंना त्यो?"