नियम लावला म्हणून पोरीला शिक्षा?

काल संध्याकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं, कारखान्यातनं घरी आलो तर पाचवीतली लेक वही पुढ्यात घेऊन मुसमुसत बसलेली. इंग्रजीच्या तासाला धडा वाचायला उभं केलं होतं. त्यात नांगर आला, पी-एल-ओ-यू-जी-एच. म्हणायचं 'प्लाउ', पोरीनं वाचलं 'प्लफ'. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. वर सर काय म्हणाले? "शेतकऱ्याची नात आणि नांगर वाचता येईना?" शब्द पन्नास वेळा लिहून आणायचा.

अहो, कागलकडं आबांच्या रानात ती ट्रॅक्टरवर बसून नांगरट बघत वाढलीय. नांगर तिला सरांपेक्षा जास्त कळतो. आणि तिचं चुकलं काय? आदल्याच आठवड्यात ह्याच सरांनी शिकवलं होतं की आर-ओ-यू-जी-एच म्हणजे रफ आणि टी-ओ-यू-जी-एच म्हणजे टफ. पोरीनं तेच इथं लावलं. डोकं चालवणाऱ्या पोराला आपण वर्गात हसायचं, ही कसली शाळा?

जेवणं झाल्यावर तिच्याबरोबर कागद घेऊन बसलो. रफ, टफ, इनफ, इथवर शेवटच्या ओ-यू-जी-एचला 'फ'. त्याच चार अक्षरांच्या आधी नुसतं टी-एच लावलं की झालं 'दो'. त्यात आर घुसला की 'थ्रू'. एच आणि आरच्या मधे अजून एक ओ सरकवला की 'थरो', आणि इंग्लंडात तेच 'थरा'. कणकेचा गोळा 'डो', पण फांदी 'बाउ'. खोकला 'कॉफ', औषधाच्या दुकानात सगळं कोल्हापूर त्याला 'कफ' म्हणतं. शेवटी टी आला की 'थॉट', 'बॉट'. पोरगी म्हणाली, "बाबा, म्हणजे टी असला की 'ऑट' म्हणायचं." एवढ्यात दुष्काळाचा शब्द आला, 'ड्राउट'. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिली. तेव्हा माझं डोकं खरं फिरलं.

वीस वर्षं मी लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर आहे. 'रफ कट मार', 'थ्रू होल काढ' हे दिवसातनं पन्नास वेळा तोंडात येतं. हे दोन्ही शब्द त्याच चार अक्षरांवर संपतात हे मला काल कळलं. कळणार कुठनं? ड्रॉइंगवर आरपार भोक दाखवायचं असलं की टी-एच-आर-यू एवढंच लिहिलेलं असतं. ते वाचून भोकं पडतात, जॉब पास होतात, माल जातो. इंजिनिअरला चालतं. तेच माझ्या पोरीनं वहीत लिहिलं तर लाल फुली!

हा घोळ आला कुठनं ते रात्री बसून वाचलं. जुन्या इंग्रजीत घशातनं निघणारा, खरखरणारा 'ख'सारखा आवाज होता. स्कॉटलंडात आपल्या रंकाळ्यासारख्या तळ्याला 'लॉख' म्हणतात, त्याच्या शेवटी तो अजून ऐकू येतो. त्या आवाजासाठी लेखनिकांनी जी-एच ही जोडी लावली. पुढं तो आवाज लोकांच्या तोंडातनं गेला. काही शब्दांत पार बुडाला, काहींत त्याचा 'फ' झाला, आजूबाजूचे स्वरही सरकले. मधेच १४७६ साली विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात पहिला छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं. बोलणं पुढं गेलं, लिहिणं मागंच राहिलं. म्हणजे गेलेल्या आवाजाचं ओझं आज माझी अकरा वर्षांची पोर वाहतेय! अमेरिकेनं नांगर कधीच पी-एल-ओ-डब्ल्यू करून टाकला. तिकडं अडलं का कुणाचं?

आपलंही सगळं सरळ आहे असं मी म्हणत नाही. 'चार' आणि 'चारा' ह्यांतला च वेगळा, अक्षर एकच. पण आपण निदान सुधारलो. आबांच्या जुन्या पुस्तकांत 'नांव', 'कांहीं' असं दिसतं. तोंडात नसलेले ते अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले.

इंग्रजी नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट पोरीला ते फाडफाड यावं म्हणूनच जीव तुटतो. पण राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. एवढ्या वर्षांत वर्गात एवढं सांगायला काय होतं की, "पोरांनो, हे स्पेलिंगच वेडंवाकडं आहे, तुमचं डोकं नाही"? रफ, टफ, इनफ एका दिवशी घ्या. थॉट, बॉट दुसऱ्या दिवशी. नांगर आणि फांदी जोडीनं शिकवा. पाच मिनिटांचं काम. ते करायचं नाही, 'पाठ कर' म्हणायचं, आणि नाही जमलं की आजोबांचं रान काढायचं! आता ही पोर वाचायला हात वर करेल का? काल रात्री म्हणत होती, "उद्या मी मागच्या बाकावर बसते."

बत्तिसाव्या ओळीवर ती वहीवरच झोपली. सकाळी ती वही, तो कागद आणि कारखान्यातलं एक ड्रॉइंग घेऊन मी शाळेत जाणार आहे. राहिलेल्या अठरा ओळी ती लिहिणार नाही.