खुलासा: खाऱ्या हवेतले कॉन्टॅक्ट घासू नका

‘खाऱ्या हवेने हिरवे पडलेले प्लगचे, कनेक्टरचे कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासा, नव्यासारखे होतात’ असा मेसेज फिरतोय. कृपया असं करू नका.

पितळी पिनेवर कथलाचा किंवा निकेलचा मुलामा असतो, जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). सोन्याचा तर बहुधा त्याहूनही पातळ. दोन-चार हात मारले की तो जातो, खालचं पितळ उघडं पडतं आणि पुढच्या वेळी लवकर हिरवं होतं.

मूळ दुखणं मिठाचं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराईड तर 33 टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे पाऊस नसतानाही पिनेवर खारं पाणी. त्याने पिन गंजते आणि सांध्यातला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. सांध्यात फक्त 0.1 ओहम वाढला आणि 10 अँपिअर वाहिले, तर तिथे 10 वॅट उष्णता. प्लास्टिक पिवळं पडून वितळतं ते यामुळेच.

वीज पूर्ण बंद करून आधी डिस्टिल्ड वॉटरने मीठ पुसा, कारण अल्कोहोलमध्ये ते फारसं विरघळत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण सुकवणं आणि कॉन्टॅक्ट ग्रीसचा पातळ हात. पिनेला खड्डे पडले असतील तर ती बदलाच.